‘काचेवर कोरीवकाम म्हणजे हौसेचा खर्च’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली आणि दोन ओळींत उत्तर देऊन चालणार नाही असं वाटलं, म्हणून सविस्तर लिहिते. इतर वाचकांसाठी आधी थोडक्यात: ठाण्याच्या घोडबंदर रोडवरच्या एका टू बीएचकेमध्ये आम्ही पॅसेजच्या दाराला आणि देवघराच्या शटरना सॅण्डब्लास्टिंग केलेली, म्हणजे हवेच्या दाबाने बारीक दाणे मारून खरवडलेली काच बसवली, त्यावर माझा लेख होता. तुमचं म्हणणं असं की हा निव्वळ हौसेचा खर्च आहे, फ्रॉस्टेड फिल्म (काचेवर लावायचा दुधी प्लॅस्टिकचा कागद) चिकटवली की तेच दिसतं, काचेवर बोटांचे डाग पडतात आणि लहान मुलांच्या घरात ती धोक्याची आहे. शिवाय ‘हे काम करणाऱ्या पोरांच्या छातीत जाणाऱ्या धुळीचा कोणी विचार करतं का?’ असं तुम्ही विचारलंत. जाता जाता खारघरला सासूबाईंच्या बाथरूमच्या दाराला काय लावावं, हेही विचारलंत.

धुळीपासून सुरुवात करते, कारण बाकी सगळं त्याच्यानंतर येतं.

तुमची काळजी रास्त आहे. १८७० मध्ये अमेरिकेत बेंजामिन टिल्घमन यांनी या पद्धतीचं पेटंट घेतलं, तेव्हा त्यात वाळूच वापरली जायची. वाळूत स्फटिकरूप सिलिका असते. हवेच्या दाबाने काचेवर आदळली की तिचे दाणे फुटतात आणि डोळ्यांना न दिसणारी धूळ तयार होते. ती फुप्फुसात खोलवर जाते, तिथे चट्टे धरतात, आणि ते परत जात नाहीत. हाच सिलिकोसिस. काम सोडलं तरी आजार वाढत राहू शकतो. आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्यातच तो सरकारला कळवणं बंधनकारक असलेल्या आजारांच्या यादीत होता, आणि ब्रिटनने १९५० च्या सुमारासच ब्लास्टिंगसाठी अशी वाळू वापरायला बंदी घातली. म्हणजे जगाला हे माहीत होऊन सत्तर वर्षं उलटली. त्यामुळे आज कोणी वाळूने काम करत असेल, तर त्याला अज्ञान हे कारण मी मानत नाही.

चांगल्या वर्कशॉपमध्ये ॲल्युमिनियम ऑक्साइडचे दाणे वापरतात. ते वाळूसारखे पटकन फुटत नाहीत, गोळा करून पुन्हा वापरता येतात. छोटी काच बंद कॅबिनेटमध्ये होते, कारागीर बाहेरून हातमोज्यांतून काम करतो. दारासारखी मोठी काच असेल तर वेगळी खोली, धूळ ओढून घेणारी यंत्रणा आणि कारागिराच्या हेल्मेटमध्ये बाहेरून येणारी स्वच्छ हवा लागते. तोंडाला बांधलेला रुमाल इथे काहीच कामाचा नाही. म्हणून माझा आग्रह असा: वागळे इस्टेट असो की तुर्भे, ऑर्डर देण्याआधी वर्कशॉप बघायला जा. दाणे कुठले वापरता ते विचारा, गोणीवरचं नाव वाचा, काम चालू असताना बाहेर उभ्या असलेल्या माणसांच्या केसांवर धूळ बसते का ते पाहा. जो दाखवायला टाळाटाळ करतो त्याला मी काम देत नाही. नीट काम करणाऱ्याचा दर जास्त असतो, आणि तो द्यायला हवा. ज्यांना तो झेपत नाही त्यांनी फिल्म लावावी. तिथे मी तुमच्याच बाजूने आहे.

फिल्मशी माझं भांडण नाही. भाड्याच्या घरात, जिन्याकडच्या खिडकीला मी स्वतः फिल्मच सुचवते. घर सोडताना काढून टाकता येते. पण आपल्या पावसाळ्यात तिच्या कडा सुटतात, सुटलेल्या कडेला धूळ धरून काळी रेघ उमटते, आणि तिचा पांढरेपणा सगळीकडे सारखा असतो. कोरलेल्या काचेत कारागीर हात कमी-जास्त करून दाट आणि विरळ छटा काढतो, थोडी खोलीही देतो. लेखातल्या घरात नेमका त्याचाच उपयोग झाला.

त्या घराचा पॅसेज भर दुपारी अंधारा होता. उजेड काय तो हॉलच्या बाल्कनीतून. बांधकाम मिव्हान पद्धतीचं, म्हणजे आतल्या भिंतीही काँक्रीटच्या. त्यांना हात लावायचा प्रश्नच नव्हता. बदलता येण्यासारखं होतं फक्त दार. लाकडी दार लावलं की दिवसभर ट्यूब चालू, साधी काच लावली की हॉलमध्ये बसलेल्या पाहुण्यांना थेट बाथरूमचं दार दिसणार. मग आधी खुर्चीत बसलेल्या आणि उभ्या माणसाची नजर कुठल्या उंचीवर येते ते भिंतीवर पेन्सिलने आखलं. तेवढ्या पट्ट्यात काम दाट, वर विरळ होत गेलेलं, आणि सगळ्यात वरची फूटभर काच साधी पारदर्शक. घरची मंडळी येऊरच्या जंगलात नेहमी जाणारी, म्हणून दाट पट्ट्यात कारवीची झुडपं घेतली, सात-आठ वर्षांनी एकदा फुलते ती. पाच मिलिमीटरची साधी काच जवळजवळ नव्वद टक्के उजेड पलीकडे सोडते. खरवडलेली थोडा कमी सोडते, पण तो पसरवून, त्यामुळे पॅसेजच्या कोपऱ्यांतही उजेड पोचतो. ही हौस आहे, पण दिवसाची ट्यूब बंद करणारी हौस आहे. कॅटलॉगमधला तोच तो मोर कुठल्याही दारावर छापल्यासारखा काढला असता, तर तुमचा आक्षेप मी बिनशर्त मान्य केला असता.

आता डाग. खरवडलेल्या बाजूला सूक्ष्म खड्डे असतात, त्यांत बोटांचं तेल जाऊन बसतं. म्हणून ती बाजू हात कमी लागणाऱ्या अंगाला घ्यायची, हँडलभोवतीची काच गुळगुळीत सोडायची आणि वर सीलर, म्हणजे खड्डे बुजवणारा लेप, मारून घ्यायचा. देवघरात तर हे फार महत्त्वाचं. समईची काजळी खड्ड्यांत गेली की निघता निघत नाही, त्यामुळे गुळगुळीत बाजू आत, कोरलेली बाहेर. अक्षरं किंवा ॐ असेल तर कोणत्या बाजूने वाचायचं ते कारागिराला लिहूनच द्या. दिव्याची ज्योत काचेजवळ नको, एकाच जागी तापून साधी काच तडकते.

मुलांबद्दल. साधी, म्हणजे टफन्ड नसलेली काच दाराला लावूच नये, यावर आपलं एकमत आहे. टफन्ड काच सहाशे अंशांच्या वर तापवून झटकन थंड केलेली असते, फुटली तर सुऱ्यासारखे तुकडे न होता बारीक दाणे होतात. मात्र कापणं, भोकं पाडणं, कोरणं हे सगळं टफनिंगच्या आधी. टफन झालेल्या काचेच्या पृष्ठभागात दाब आणि आत ताण धरलेला असतो, नंतर खोल कोरायला गेलं तर अख्खी काच फुटू शकते. ‘आधी टफन करून आणतो, मग डिझाइन मारतो’ असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. रांगतं मूल असेल तर लॅमिनेटेड घ्या, दोन काचांच्या मधल्या थरामुळे तुकडे जागीच चिकटून राहतात. कोपऱ्यात आयएस २५५३ चा, म्हणजे सुरक्षित काचेच्या भारतीय मानकाचा शिक्का आहे का ते पाहा. आणि वजन: दर चौरस मीटरला, दर मिलिमीटर जाडीमागे अडीच किलो. तीन बाय सात फुटांचं आठ मिलिमीटरचं दार एकोणचाळीस किलोंच्या आसपास जातं. जुन्या बिजागऱ्या ते पेलणार नाहीत.

खारघरचं बाथरूम. खरवडलेली बाजू ओली झाली की खड्ड्यांत पाणी भरतं आणि काच बरीचशी पारदर्शक होते. अंघोळीच्या वेळीच आडोसा गेला तर काय उपयोग! म्हणून ती बाजू बाहेर, कोरड्या अंगाला हवी. रात्री आत दिवा असताना काचेला लागून उभ्या माणसाची आकृतीही कळते. सासूबाईंना याने संकोच वाटणार असेल तर तिथे पूर्ण काचेचं दार नकोच. बाथरूमसाठी बनवलेलं भरीव दार घ्या आणि त्यात डोक्याच्या वर फूटभर टफन्ड काचेची पट्टी, बाहेरून खरवडलेली. पॅसेजमधून आत दिवा चालू आहे की नाही एवढंच कळेल. चौकटीचं माप दोन्ही बाजूंनी आणि मधोमध घेऊन पाठवलंत, तर जाडी आणि बिजागऱ्या मी कळवते.