खुलासा : ट्रकमधील मालाची जबाबदारी चालकाचीही आहे

‘चिरे खाणीवरच भरले जातात, म्हणून ते रस्त्यावर पडले तर जबाबदार भरणारा, चालक नव्हे’ हा रत्नागिरी-सिंधुदुर्गात फिरणारा संदेश चुकीचा आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम 194, 2019 च्या दुरुस्तीनंतर, माल मर्यादेबाहेर आलेले वाहन चालवणाऱ्याला आणि चालवू देणाऱ्यालाही 20,000 रुपये दंड सांगते. त्यामुळे निघण्यापूर्वी फाळका, दोर आणि ताडपत्री चालकाने स्वतः तपासायलाच हवी.

पुढचे वाहन अचानक थांबले तरी थांबता येईल एवढे अंतर राखणे, हेही 2017 च्या वाहनचालन विनियमांनुसार चालकाचेच कर्तव्य आहे. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यानंतरचे अंतर सुमारे चौपट होते, आणि पावसात परशुराम घाटाच्या उतारावर, तेही भरलेल्या गाडीला, याहून अधिक लागते. कृपया तो संदेश पुढे पाठवू नका. आला असेल त्या गटात हा खुलासा द्या.