बुवांचा नमुना

आमच्या घरी एक सरडा आहे. 'सरडा' म्हटलं की लेक चिडते. 'बिअर्डेड ड्रॅगन' म्हणायचं. पण मी भोरचा. कुंपणावर बसून मान खाली-वर करणारं जे काही असतं, ते माझ्या लेखी सरडाच. लहानपणी आम्ही त्याला दगड मारायचो, आणि इथं मेलबर्नमध्ये त्याला पाळायला सरकारी परवाना काढावा लागतो, एवढाच काय तो फरक. दिवसभर 40 अंशांच्या दिव्याखाली डोळे मिटून, दाढी सोडून बसतो, म्हणून मी त्याचं नाव ठेवलं बुवा. बुवा झुरळं खातात. ती मी विकत आणतो. ज्या माणसाच्या आईनं उभं आयुष्य ओट्याखाली खडूच्या रेघा ओढून झुरळं मारली, तो माणूस दर पंधरवड्याला पैसे मोजून डबाभर जिवंत झुरळं घरी आणतो आणि त्यांना गाजर खायला घालतो.

तर बुवांची वार्षिक तपासणी आली. दवाखान्यातून निरोप होता: येताना ताजी शी आणा, जंत तपासायचेत. ताजी म्हणजे 24 तासांच्या आतली. वेळ शनिवारी सकाळी दहाची.

बुवा वयात आलेले. आता ते रोज जात नाहीत, मनात येईल तेव्हा जातात. सोमवारी सकाळी सढळ हातानं जाऊन आले आणि मंगळवारपासून मौन धरलं. गुरुवारी ऑफिसातून मी बायकोला दोनदा फोन केला. "झाली का?" शेजारच्या टेबलावरचा सहकारी मराठी निघाला असता तर मला रजाच टाकावी लागली असती.

शुक्रवारी शेवटचा उपाय केला. टबात कोमट पाणी, त्याच्या खांद्यापर्यंत, आणि त्यात बुवा. पोट मोकळं व्हायला याचा उपयोग होतो. मी टबाशी उकिडवा बसून नकळत "शूऽऽ" करत होतो, तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल.

"कुणाला बसवलंयस रे?"

"आई, अगं, सरड्याला."

बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.

"जंत झालेत का त्याला? वावडिंग दे."

रात्री साडेनऊला बुवा प्रसन्न झाले, टबात नाही, टबातून काढून टॉवेलवर ठेवल्यावर. माझ्या टॉवेलवर. एक तपकिरी वळी आणि टोकाला ओल्या खडूसारखा पांढरा तुकडा. तो पांढरा भाग म्हणजे त्यांची लघवी. सरड्यांचं दोन्ही एकाच खेपेत उरकतं. चमच्यानं उचलून डबीत भरलं, झाकण लावलं. आता हे सकाळपर्यंत थंड ठेवायचं. बायको फ्रिजला पाठ लावून उभी राहिली. तासाभराच्या वाटाघाटींनंतर तह झाला: तीन पिशव्या, सगळ्यात खालचा कप्पा, दुधाच्या कॅनच्या मागे, आणि डबीवर ठळक अक्षरांत 'बुवा'. (आमच्याकडे पाहुणे येतात. 'बुवा' वाचून कुणी प्रसाद समजेल, ही शंका तिची.)

सकाळी बुवा पेटीत, पेटीत गरम पाण्याची पिशवी, पेटी लेकीच्या मांडीवर. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आधी वजन केलं. 412 ग्रॅम. मग तोंड उघडून पाहिलं, पोट चाचपलं. बुवांना हा सलगीचा प्रकार रुचला नाही. दाढी फुगून काळीकुट्ट झाली, आणि शेपटी किंचित वर करून त्यांनी स्टीलच्या टेबलावर सोमवारपेक्षाही सढळ उत्तर दिलं.

"वा! एकदम ताजी!" बाई हरखल्या. फ्रिजातल्यापेक्षा हीच चांगली, म्हणाल्या. हलणारे जीव असतील तर हिच्यात हलताना दिसतात.

मग त्यांनी प्रयोग दाखवला. चिमूटभर शी दाट मिठाच्या पाण्यात कालवायची, नळी काठोकाठ भरायची आणि वर काचेची चकती ठेवायची. जंतांची अंडी हलकी, ती तरंगत येऊन काचेला चिकटतात. मला एकदम अण्णा आठवले. पेरणीआधी 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ घालून ते भाताचं बी ओतायचे. पोकळ बी वर यायचं, भरलेलं तळाला. आमच्याकडे तरंगेल ते फेकायचं, इथं तरंगेल तेच जपून बघायचं. हे मी बाईंना समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावली, बहुतेक सभ्यपणानं.

सूक्ष्मदर्शकात मला पहिल्याच नजरेत जाड काळ्या कडेचं, वाटोळं, भयंकर असं काहीतरी दिसलं. छातीत धस्स झालं.

"हे किती गंभीर आहे?"

"तो हवेचा बुडबुडा आहे."

अंडी होती ती कोपऱ्यात, लांबट, फिकट, चार-दोन. पिनवर्म. एवढे असायचेच, सरडा अंगानं भरलेला आहे, खातोपितो आहे, औषध नको. कागद रोज बदला, हात साबणानं धुवा, दोन महिन्यांनी पुन्हा नमुना आणा. 'पुन्हा' ऐकून माझीच दाढी काळी पडली असावी. बिलाचा आकडा मी आईला सांगितलेला नाही. तिला सांगितलं, वावडिंग लागू पडलं.

संध्याकाळी पाहुणे होते. चहा टाकताना बायकोनं दुधाचा कॅन काढला, आत वाकून पाहिलं आणि स्वयंपाकघरातून अगदी गोड आवाजात मला पूर्ण नावानं हाक मारली.