मासा मी काढला होता

आज यांच्या भाच्याचं साक्षगंध होतं, नागपुरात, वर्धा रोडवरच्या एका लॉनवर. जेवणाच्या रांगेत उभे होतो. मागून यांच्या नात्यातले एक काकाजी आले, यांच्या पाठीवर दणकन थाप मारली आणि म्हणाले, "काय राजा, केवढा मासा काढला बे समुद्रातून! ग्रुपवर पाहिला ना फोटो. सूनबाईच्या हातात दिला फोटोसाठी, ते बरं केलं."

मी बाजूलाच होते. हातात ताट घेऊन. हे हसले, "हो ना काकाजी" म्हणाले, आणि रांगेत पुढे सरकले.

घरी येऊन तास झाला, अजून साडी बदलली नाही. आधी हे लिहून टाकते.

तो मासा मी काढला. अंदमानच्या समुद्रात, मार्चच्या उन्हात, चौदा मिनिटं झुंजून, माझ्या या दोन हातांनी. फोटोत तो माझ्या मांडीवर आहे कारण तो माझा होता. कुणी दिला नव्हता.

लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून आम्ही हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला गेलो होतो, हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. तीन दिवस मासेमारीची बोट घेतली होती. (सेल्युलर जेल पाहिलं का म्हणून विचारणाऱ्यांनो, पाहिलं, पहिल्याच दिवशी, आणि रडलेही.) खर्च झाला, नाही म्हणत नाही. दोन वर्षं दोघांनी पैसे बाजूला टाकले होते. दोघांनी.

तिथे पॉपिंग म्हणून एक प्रकार असतो. लाटण्याएवढा नकली मासा, त्याचं तोंड वाटीसारखं खोलगट. तो लांब फेकायचा आणि झटके देत ओढायचा. पाण्यावर भुडुक भुडुक आवाज होतो, खालच्या मोठ्या माशाला वाटतं कुणीतरी घायाळ होऊन तडफडून राहिलं. सकाळी पाचला तिथे उजाडलेलं असतं, तेव्हापासून फेकत होते. खांदे भरून आले होते. दहाच्या सुमारास, कुणी वरून दगड टाकावा तसं पाणी उडालं आणि रॉड माझ्या हातातून निघूनच चालला. जायंट ट्रेव्हॅली. बोटीवर सगळे जीटी म्हणतात.

गळ लागला की हा मासा सरळ खाली प्रवाळाकडे धाव घेतो. प्रवाळावर दोरी घासली की तुटलीच. म्हणून बोटवाल्याने लगेच बोट खोल पाण्याकडे वळवली. ते त्याचं कसब, त्याच्याशिवाय जमलं नसतं, मान्य. पुढचं माझं. कमरेच्या पट्ट्यात रॉडचं बूड रोवलेलं, रीळ कर्रर्र करून ओरडते, आणि तुम्ही मोठ्या कष्टाने ओढलेली दहा हात दोरी तो मासा एका दमात परत घेऊन जातो. असं किती वेळा झालं ते मोजलं नाही.

आणि हे कुठे होते? कठड्याला धरून. यांना बोट लागते. सकाळपासून दोनदा उलटी झाली होती. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, आमच्या घरात कुणी समुद्रावर वाढलेलं नाही. तशा अवस्थेतही यांनी मोबाइल धरून पूर्ण व्हिडिओ काढला, हे मी विसरलेली नाही. म्हणून तर आजचं जास्त लागलं.

कारण नवव्या मिनिटाला माझे हात थरथरायला लागले होते. बोटीवरचा मुलगा पुढे आला, "मॅडम, दे दो, मैं खींच लेता हूं." भल्या मनानेच म्हणाला बिचारा. पण त्यानेच आदल्या दिवशी नियम सांगितला होता. इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशन म्हणून 1939 सालापासूनची संस्था आहे, जगभर या मासेमारीला तिचे नियम लावतात. झुंज चालू असताना रॉडला दुसऱ्या कुणाचा हात लागला, तर तो मासा तुमच्या नावावर धरत नाहीत. माझ्यापुढे विक्रमाचा प्रश्न नव्हता. जीटीचा विक्रम 72.8 किलोचा आहे, जपानमधला, 2006 सालचा. माझा बोटवाल्याच्या अंदाजाने 18 किलोचा. पण मला तो माझ्या नावावर हवा होता. मी मान हलवली. आणि मागून यांचा आवाज आला, "भाई, हाथ मत लगाओ. वो निकालेगी."

व्हिडिओत आहे ते. स्पष्ट ऐकू येतं.

भर समुद्रात, उलट्या होत असताना ज्या माणसाने हे म्हटलं, त्याला आज लॉनवर "काकाजी, हिने काढला" एवढे तीन शब्द निघाले नाहीत? तिथे रॉडला हात लावू दिला नाही, आणि इथे अख्खा मासा रांगेत उभ्या उभ्या देऊन टाकला.

आता बायकांचंही सांगते, त्या काही मागे नव्हत्या. जेवताना एक जाऊबाई म्हणाल्या, "सोडून दिला? मग गेल्या कशाला एवढ्या दूर? मंगळवारी बाजारात रोहू मिळते की." मी समजावलं की एवढा मोठा मासा प्रवाळाजवळची अंडी देणारी पिढी असते, तो काढून नेला तर जागा रिकामी होते, म्हणून तिथे पकडून सोडतात. "मग त्याला त्रास द्यायचाच कशाला?" याला माझ्याकडे उत्तर नाही. सोडलेले काही मासे नंतर मरतात, हेही खरं आहे. हा प्रश्न मला रात्री पडतो. पण हा प्रश्न काकाजींनी यांना विचारला नाही. यांच्या पाठीवर थाप, आणि मला हिशेब.

आणि तो मासा कसा होता ते कुणी विचारलंच नाही. मांडीवर घेतला तेव्हा तो आवाज करत होता. घशातून, घुर्र घुर्र, म्हाताऱ्या माणसासारखा. चांदीचं अंग आणि त्यावर शाईचे बारीक शिंतोडे उडाल्यासारखे ठिपके. डोळा मोठा, माझ्याकडेच पाहत होता असं वाटलं. फोटो झाला, लगेच पाण्यात धरला, शेपटीजवळ एक हात, पोटाखाली एक. कल्ले हलत होते. मिनिटभर काहीच झालं नाही आणि माझ्या पोटात खड्डा पडला, की मेला की काय. मग त्याने शेपटीचा असा फटका मारला की तोंडावर पाणी आलं, आणि गेला. मी ओरडले. तेही व्हिडिओत आहे.

हे सगळं मला आलं कुठून, तर साकोलीकडच्या आमच्या गावच्या मामा तलावावरून. मामा म्हणजे माजी मालगुजारी, जुन्या मालगुजारांनी, म्हणजे जमीनदारांनी बांधलेला तलाव. भंडारा-गोंदियाकडच्यांना सांगायला नको. बाबा गुरुजी होते, रविवारी पहाटे मला उठवायचे. बांबूची काठी, दोरी, गरी, नारळाच्या करवंटीत गांडुळं. मरळ लागली की माझा जीव वर यायचा, मी एकदम ओढायची, आणि ती सुटायची. बाबा म्हणायचे, "पळू दे तिला. फक्त दोर ढिला पडू देऊ नको." एवढंच शिकवलं त्यांनी.

मी तेरा वर्षांची झाले आणि एका रविवारी बाबांनी मला उठवलंच नाही. जाग आली तेव्हा काठी जागेवर नव्हती, आणि धाकटा भाऊ घरात नव्हता. कुणी काही बोललं नाही. मीही विचारलं नाही. पस्तीस वर्षं झाली. मी नोकरीला लागले, या फ्लॅटचे अर्धे हप्ते मी भरले, आणि घरभरणीला सगळे यांनाच म्हणाले, "छान घर घेतलं." तेव्हाही मी पाहुण्यांना चहा देत होते.

नाही. आता नाही.

गाडीत मी यांना विचारलं, का नाही सांगितलं? म्हणाले, "चार लोकांत काय सांगत बसायचं." बोटीवर पण चारच लोक होते हो. अजनीच्या पुलापासून घरापर्यंत मग कुणीच बोललं नाही. आत्ता मगाशी पाण्याचा ग्लास आणून ठेवला बाजूला, आणि "लिही" म्हणाले. मासा पकडल्यावर बोटीतही पहिलं पाणी यांनीच पाजलं होतं, माझी बोटं बाटलीभोवती मिटत नव्हती म्हणून. चांगला माणूस आहे. पण काकाजींना फोन यांनीच करायचा आहे, उद्या, मी समोर बसलेली असताना.

व्हिडिओ खाली टाकते आहे. लांब आहे, पण पूर्ण पाहा, आवाज सुरू ठेवून.

अंदमानहून आल्यावर तो मी बाबांना पाठवला होता. बाबा आता ऐंशीच्या घरात आहेत, मोबाइल डोळ्याला लावून पाहतात. भाऊ सांगत होता, तीनदा पाहिला. मग त्याच्याकडून फोन लावून घेतला. समुद्र कसा होता, किती खर्च आला, काही नाही. म्हणाले, "दोर कुठे ढिला पडला होता का?"

"नाही बाबा. एकदाही नाही."

"हं," म्हणाले. मग बराच वेळ फोन तसाच चालू होता. ठेवायच्या आधी म्हणाले, "रविवारी येतेस का? तलाव भरला आहे."