रायोलाइट एका रात्रीत ओस पडलं नाही

अमेरिकेतल्या नेव्हाडा राज्याच्या वाळवंटात रायोलाइट हे सोन्याच्या खाणींचं ओसाड गाव आहे. तिथल्या रेल्वे स्टेशनचा फोटो सारखा फिरत असतो. खाली ठरलेला मजकूर: ‘सोनं संपलं, हजारो माणसं एका रात्रीत सामान टाकून निघून गेली, तेव्हापासून हे स्टेशन जसंच्या तसं उभं आहे.’ फोटो खरा आहे, मजकूर नाही.

‘एका रात्रीत’ म्हणे! सोनं सापडलं १९०४ मध्ये, रेल्वे आली डिसेंबर १९०६ मध्ये. मार्च १९१० पर्यंत गावातल्या तिन्ही बँका बुडाल्या किंवा बंद झाल्या, तरी त्या वर्षीच्या जनगणनेत ६७५ माणसं होती. मग १९११ मध्ये मोठी खाण थांबली, १९१२ मध्ये वर्तमानपत्र आणि १९१३ मध्ये पोस्ट बंद झालं. शेवटची गाडी सुटली जुलै १९१४ मध्ये आणि १९१६ मध्ये विजेच्या तारा उतरवल्या. १९२० मध्ये उरली १४ माणसं.

सोनं संपलं, हे तर साफ चूक. इथली मुख्य खाण माँटगोमेरी शोशोनी. पोलादसम्राट चार्ल्स श्वाब यांनी ती १९०६ मध्ये घेतली आणि पाणी, वीज, रेल्वे यांवर पैसा ओतला. १९०७ मध्ये अमेरिकेत बँकांवर संकट आलं आणि नवं भांडवल आटलं. पुढच्या वर्षी छोट्या भागधारकांनी एका ब्रिटिश अभियंत्याकडून खाण तपासून घेतली. खाणीची किंमत फुगवलेली आहे, असा त्याचा अहवाल आला आणि शेअर कोसळले. १९१० संपता संपता खाण तोट्यात होती. म्हणजे सोनं जमिनीत होतंच, ते काढण्याचा खर्च निघत नव्हता. याचा पुरावा पुढे मिळाला: १९८९ ते १९९९ या काळात याच परिसरातल्या बुलफ्रॉग खाणीतून वीस लाख औंसांहून जास्त सोनं निघालं.

सामानाचं म्हणाल, तर वाळवंटात लाकूड कोण टाकून जाईल? लोकांनी घरंच्या घरं उचलून सहा-सात किलोमीटरवरच्या बीटी गावी नेली. खाणकामगार संघटनेचा हॉलसुद्धा तिकडे गेला आणि बीटीचा टाउन हॉल झाला. गरिबांनी पै-पै वाचवून पुन्हा संसार मांडले. ‘सामान टाकून गेले’ हे वाक्य त्यांचे ते कष्टच पुसून टाकतं, म्हणून मला ते खुपतं.

राहिलं स्टेशन. १९०८ च्या सुमारास बांधलेली ही कमानींची इमारत काही अस्पर्श राहिलेली नाही. १९३७ मध्ये तिथे कॅसिनो आणि बार सुरू झाला, नंतर संग्रहालय आणि भेटवस्तूंचं दुकान चाललं. कुक बँकेची तीन मजली इमारत नव्वद हजार डॉलरांहून जास्त खर्चून उभी केली होती, तिच्या आज नुसत्या भिंती आहेत. स्टेशनात माणसांचा वावर राहिला, मला वाटतं म्हणूनच ते टिकलं. रूळ मात्र गेले: लास व्हेगास अँड टोनोपा रेल्वे १९१८ मध्ये बंद पडली आणि तिच्या मार्गाच्या भरावावरून पुढे महामार्ग ९५ काढला.