मोंपोऊ सोपा नाही

परवा जळगावात एका घरगुती मैफिलीत पियानोवर मोंपोऊ या स्पॅनिश संगीतकाराचे तुकडे वाजवले. नंतर एक जाणते काका प्रेमानंच म्हणाले, "छान होतं. पण हे सोपं आहे, आता काहीतरी अवघड वाजव." तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितोय.

फेदेरिको मोंपोऊ बार्सिलोनाचा, जन्म १८९३ चा. त्याच्या आईच्या माहेरी चर्चच्या घंटा ओतायचा कारखाना होता. पोराचे कान तिथे घडले. देवळातली मोठी घंटा कधी नीट ऐकलीत? ठोका क्षणात संपतो, पण गुंज लांबत जाते, आणि त्या गुंजेत मूळ सुराशी फटकून वागणारे दुसरेच सूर तरंगतात. मोंपोऊनं तेच पियानोवर आणलं. माझी धुळ्याची आजी पहिल्यांदा ऐकून म्हणाली होती, "हाई ते देऊळनी घंटा शे!" तिला त्याचं नावसुद्धा माहीत नव्हतं.

‘मुसिका कायादा’ म्हणजे मूक संगीत. १९५९ ते १९६७ मध्ये आलेल्या चार वह्या, २८ छोटे तुकडे. पानावर सूर मोजकेच. अवघड काय, तर एकाच वेळी दाबलेल्या चार सुरांना चार वेगळी वजनं द्यायची. पेडल, म्हणजे सूर लांबवणारी पायाखालची पट्टी, पूर्ण सोडायचं नाही, अर्धंच उचलायचं, तेही कानाला विचारून. आधीचा सूर विरेपर्यंत पुढच्याला हात लावायचा नाही. वेगात चूक लपते, इथे लपायला जागाच नाही.

त्यात आमचं भुसावळ. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, पियानोचं लाकूड सुकतं, तारांचा सूर उतरतो. पावसाळ्यात लाकूड फुगतं, सूर चढतो. शोपँसारख्या संगीतकाराच्या धावत्या तुकड्यात एखादी उतरलेली तार खपून जाते. मोंपोऊत ती एकटीच सगळ्या खोलीत ऐकू येते.

आणि हे संगीत आपल्याला परकं वाटायचं काहीच कारण नाही. तंबोऱ्याची आस ऐकत वाढलेले कान आपले! पण क्लासमध्ये मुलांची बोटं किती पळतात एवढंच बघितलं जातं, आणि परीक्षेच्या तुकड्यांपलीकडे कुणी जात नाही. मला याचं खरंच वाईट वाटतं. दहा वर्षांच्या मुलालाही यातला एखादा तुकडा देऊन बघा, ते ऐकायला शिकेल.

ट्यूनर दिवाळीनंतर मुंबईहून येतोय. मग घरीच अठ्ठावीसही तुकडे एका बैठकीत वाजवणार आहे, तास-सव्वा तास लागेल. काका, तुम्ही नक्की या. फक्त मध्ये टाळ्या नकोत, आणि पंखा बंद असेल.