‘पुस्तकं द्यायला डिग्री कशाला?’

परवा पुन्हा तेच! "पुस्तकं द्यायला-घ्यायला डिग्री कशाला हो लागते?" अहो, मी ग्रंथपाल! ग्रंथालयशास्त्रात बी.लिब. केलं, एम.लिब. केलं, तिसऱ्या खेपेला नेट ही पात्रता परीक्षा सुटली. कॉलेजच्या ग्रंथपालाला सहाय्यक प्राध्यापकासारखीच नेट-सेटची अट असते, हे कुणाला ठाऊक आहे का? आणि जागा निघते कसली? कंत्राटी, अकरा महिन्यांची!

वर मुलाखतीत विचारतात, "कुठल्या संघटनेच्या सभासद आहात?" आहे ना, तीन ठिकाणी वर्गणी भरते! पण वकिलाला बार कौन्सिल, औषधवाल्याला फार्मसी कौन्सिल. आमची सनद कुठाय? भारतीय ग्रंथालय संघ १९३३ पासून आहे, तरी नोंदणीशिवाय ग्रंथपालाच्या खुर्चीत बसता येणार नाही, असं सांगणारी परिषद अजून का नाही?

माझ्या रजेत कारकुनाला बसवलं होतं. येऊन बघते तर ८९१.४६१ या वर्गीकरण क्रमांकाच्या मराठी कविता ८९१.४६३ च्या कादंबऱ्यांत कोंबलेल्या, दाखल नोंदवहीत चाळीस पुस्तकांपुढे नुसतं "वरीलप्रमाणे". लेखक वरीलप्रमाणे, किंमतही वरीलप्रमाणे! आठवडा गेला निस्तरण्यात. तेव्हा नाही कुणी विचारलं, डिग्री कशाला लागते म्हणून!