‘लेझर बल्ब बसवा, रात्रीचा प्रवास सुरक्षित करा’ या दाव्याचा प्रतिवाद

गाडीतला हॅलोजन बल्ब काढून त्याच होल्डरमध्ये ‘लेझर’ बल्ब बसवावा, महागड्या गाड्यांत हेच तंत्रज्ञान असते, 600 मीटरपर्यंत लख्ख दिसते, किरण सरळ जात असल्याने समोरच्याला त्रास होत नाही आणि निळसर पांढरा प्रकाश धुके भेदतो, अशा आशयाचा मजकूर सध्या सर्रास पुढे पाठवला जातो. रात्री रस्ता नीट दिसावा ही अपेक्षा रास्तच आहे, पण त्यासाठी सुचवलेला हा उपाय घातक आहे.

‘हेच तंत्रज्ञान’ हे विधान आधी पाहू. 2014 मध्ये बीएमडब्ल्यू आय8 आणि ऑडी आर8 एलएमएक्स या गाड्यांत लेझर हेडलाइट आले, हे खरे आहे. मात्र त्यांत लेझरचा किरण थेट रस्त्यावर पडत नाही. निळ्या लेझर डायोडचा किरण फॉस्फरवर (प्रकाश पडला की स्वतः उजळणाऱ्या पदार्थावर) सोडला जातो, त्यातून पांढरा प्रकाश तयार होतो आणि रिफ्लेक्टर तो पुढे फेकतो. हा झोत केवळ हाय बीमला जोड म्हणून असतो. गाडीने ठरावीक वेग गाठल्यावरच तो लागतो आणि समोरून येणारे वाहन कॅमेऱ्याने टिपले की आपोआप बंद होतो. सुटा बल्ब बसवल्याने यातले कॅमेरा, नियंत्रण आणि रिफ्लेक्टर काहीच गाडीत येत नाही.

600 मीटरच्या आकड्याचेही तसेच. अंतर दुप्पट झाले की उजेड एक चतुर्थांश उरतो, त्यामुळे 600 मीटरवर अवघा 1 लक्स (पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचे एकक) उजेड पाडायचा तर झोताची तीव्रता 3,60,000 कँडेला (एका दिशेने जाणाऱ्या प्रकाशाच्या तीव्रतेचे एकक) असावी लागते. तो पल्ला अतिशय लहान प्रकाशस्रोत आणि त्याच्याच मापाने घडवलेला रिफ्लेक्टर यांच्या जुळणीतून मिळतो. खोक्यावर छापलेल्या ल्युमेनच्या, म्हणजे बल्बमधून सर्व दिशांना निघणाऱ्या एकूण प्रकाशाच्या, आकड्यावरून तो कळत नाही.

सर्वांत घातक विधान म्हणजे समोरच्याला त्रास होत नाही, हे. एच4 प्रकारच्या हॅलोजन बल्बमध्ये लो बीमच्या तारेखाली धातूची छोटी वाटी असते. ही वाटी आणि तारेची नेमकी जागा यांच्यामुळे उजेडाची वरची कड ठरते. संपूर्ण रिफ्लेक्टर त्या तारेच्या जागेवर बेतलेला असतो. बदली बल्बमध्ये तारेऐवजी पट्टीच्या दोन बाजूंना प्रकाश देणाऱ्या सपाट चिप असतात; त्या मिलिमीटरभर इकडेतिकडे असल्या तरी झोत विस्कटतो. मी स्वतः गाडी भिंतीपासून 10 मीटरवर उभी करून दोन्ही बल्ब लावून पाहिले. हॅलोजनची कड दिव्याच्या उंचीपेक्षा साधारण 10 सेंटीमीटर खाली, स्पष्ट रेघेसारखी होती. नव्या बल्बने त्या रेघेच्या वर पांढरा धुरकट पट्टा उमटला, तोही लो बीम असताना. समोरून येणाऱ्या चालकाचे डोळे नेमके त्याच पट्ट्यात असतात. ताशी 80 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे 22 मीटर कापते, म्हणजे दोन सेकंद डोळे दिपले तर तो चालक 44 मीटर नीट न दिसताच जातो. वाढत्या वयात डोळ्यातल्या भिंगात प्रकाश जास्त विखुरतो, त्यामुळे वयस्कर चालकांना हा त्रास अधिक होतो; त्यांचा विचार या मजकुरात कुठेच नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

‘पण मला तर जास्त दिसते’ हा अनुभव खोटा नाही, अपुरा आहे. बोनेटपुढचा रस्ता फार उजळला की डोळा त्या उजेडाशी जुळवून घेतो आणि लांबचा काळोख आणखी गडद होतो. खड्डा किंवा पादचारी वेळीच दिसायला हवा तो लांबचा.

धुक्याचे विधान तर सरळ चुकीचे आहे. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे असल्याने ते सर्व रंगांचा प्रकाश जवळजवळ सारखाच विखुरतात. तिथे रंगापेक्षा झोत किती खाली पडतो हे महत्त्वाचे असते, आणि वर पसरणारा उजेड पांढऱ्या भिंतीसारखा आपल्याच डोळ्यांवर परत येतो.

उजेड खरोखरच कमी वाटत असेल, तर आधी पिवळी पडलेली काच आणि होल्डरपर्यंत पोहोचणारे व्होल्टेज तपासावे. व्होल्टेज 5 टक्क्यांनी कमी असले तरी हॅलोजनचा प्रकाश सुमारे 15 टक्क्यांनी घटतो, आणि गंजलेल्या जोडण्यांमुळे एवढी घट सहज होते. मग गाडी भिंतीपुढे उभी करून दोन्ही दिव्यांचे फोकस एकदा जुळवून घ्यावेत.